खाऱ्या वाऱ्यातली सायकल

रत्नागिरीत लोखंड किती लवकर म्हातारे होते, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, शाळेच्या फाटकाची कडी, सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा रंग द्यावा लागतो. घाटावर नातवापर्यंत चालणारी सायकल येथे पडवीत उभी राहूनच संपते. अशीच एक सायकल दोन वर्षांपूर्वी भाट्ये खाडीजवळच्या एका घरातून आमच्या शाळेत आली. जाड टायर, आडवे सरळ हँडल, पुढे तीन दातेरी चक्रे आणि मागे सहा. आपल्याकडे अशा सायकलीला सरसकट 'रेंजर' म्हणतात. ही मात्र घरातल्या गृहस्थांनी जहाजावर नोकरीला असताना परदेशातून आणली होती. भंगारवाला ती किलोच्या भावाने न्यायला तयारच होता.

आम्ही, म्हणजे दोन शिक्षक आणि विज्ञान मंडळाची सात-आठ मुले, तिच्या मागे लागलो. पहिला प्रश्न वयाचा होता. घरच्यांना साल आठवेना. उत्तर सायकलीवरच सापडले. गिअर बदलताना साखळी या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा मागचा भाग जपानच्या शिमानो कंपनीचा होता. ही कंपनी त्या काळी आपल्या भागांवर दोन इंग्रजी अक्षरे ठोकत असे. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. १९७६ साठी 'ए', १९७७ साठी 'बी' अशी मोजणी. मातीचा थर पुसल्यावर आम्हाला 'एम' आणि 'एफ' दिसली. एम हे तेरावे अक्षर, म्हणून १९८८. एफ सहावे, म्हणून जून. अर्थात हा त्या भागाचा जन्ममहिना झाला, सायकलीचा नव्हे. सायकल त्यानंतर जुळवली गेली असणार.

या सालाला महत्त्व आहे. डोंगरी सायकल हा प्रकारच मुळी भंगारातून जन्मला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरच्या, वजनदार श्विन सायकली मोडीतून मिळवत, दुरुस्त करत आणि डोंगरावरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथील एका कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी अंतरात तो रस्ता सुमारे ४०० मीटर उतरतो. त्याचे नाव पडले 'रीपॅक'. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारातच तुंबा इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे.

हे खरेच शक्य आहे का, याचे गणित नववीच्या वर्गात करून पाहावे. सायकल आणि स्वार मिळून ९० किलोग्रॅम धरू. गुरुत्वत्वरण १० आणि उंची ४०० मीटर घेतली तर स्थितिज ऊर्जा ३,६०,००० ज्यूल होते. एक लिटर पाणी १४ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच उष्णता लागते. यातला काही वाटा हवेच्या रोधात आणि रस्त्याच्या घर्षणात जातो. तरी उरलेली बहुतेक सारी उष्णता मुठीएवढ्या लोखंडी तुंब्यात कोंडली जाते. ग्रीस जळेल नाही तर काय होईल?

जुन्या सायकली या धसमुसळेपणाला पुरेनात, तेव्हा जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा बनवला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये टॉम रिची याने बनवलेले सांगाडे घेऊन विक्री सुरू केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' जपानमध्ये मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आली. १९८९ च्या सुमारास पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा येऊ लागली आणि पुढे साधा पोलादी सांगाडा मागे पडला. म्हणजे १९८१ ते १९९० हा जेमतेम दहा वर्षांचा काळ. संग्राहक आज ज्यांच्या शोधात असतात त्या बहुतेक सायकली या काळातल्या आहेत, आणि भाट्याच्या पडवीत त्यांतलीच एक उभी होती.

येथे आमची एक जुनी चूक सांगितली पाहिजे. त्याआधी आम्ही एक काळी, सळईच्या ब्रेकची सायकल 'नवी' केली होती. सांगाडा पॉलिश पेपरने पार पांढरा होईपर्यंत घासला आणि फवाऱ्याने रंग दिला. सायकल चकचकीत झाली. पण हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा गेल्या, पुढचे निर्मात्याचे चिन्ह गेले आणि दुकानदाराच्या नावाची छोटी पट्टीही गेली. ती सायकल कोणत्या गावात, कोणत्या दुकानात विकली गेली हे सांगणारी तेवढीच खूण होती. ती आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. तेथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली, मधोमध दुमडणारी बी.एस.ए. सायकल आहे. ती नुसत्या चकाकीसाठी पाहायला कोणी जात नाही. बिजागरी कोठे आहे, नळी कशी वाकवली आहे, हे पाहायला जातात. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की गंज काढायचा, पण मूळ रंग जेथे जेथे धरून आहे तेथे त्याला हात लावायचा नाही.

पण गंज थांबवायचा तर तो कसा चालतो हे आधी कळायला हवे. गंज ही एक छोटी विद्युत घटमाला आहे. पृष्ठभागावर एके ठिकाणी लोह इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरते. ते इलेक्ट्रॉन धातूमधून दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. मंडल पूर्ण व्हायला पाण्यातून विद्युतभार वाहावा लागतो. शुद्ध पाण्यातून तो मुश्किलीने वाहतो, खाऱ्या पाण्यातून सहज. शिवाय मीठ हवेतले पाणी ओढते. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ आपोआप विरघळू लागते. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहूनही कमी आर्द्रतेला ओलावते. म्हणजे रत्नागिरीत सायकलीवर बसलेला मिठाचा पुसट थर पाऊस नसतानाही ओला राहू शकतो. गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते आणि तो सच्छिद्र असतो. त्यामुळे तो रंग उचलतो, पण खालच्या धातूला झाकत नाही.

एका मुलाने विचारले, "सर, नळीवर क्रोमोली लिहिले आहे. म्हणजे क्रोमियम आहे. मग गंजते कशी?" प्रश्न चांगला होता. या पोलादात क्रोमियम असते ते सुमारे एक टक्का, बळकटी वाढवण्यासाठी. गंजरोधक पोलादात ते दहा-अकरा टक्क्यांहून अधिक लागते, तेव्हा कोठे पृष्ठभागावर सलग संरक्षक थर धरतो. उलट बळकटीमुळे क्रोमोलीची नळी पातळ ठेवता येते, जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. अशा नळीला गंज परवडत नाही.

पुढचा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हावा. तीन टक्के मिठाच्या पाण्यात थोडे पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब घालावेत. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर या द्रावाचा एक मोठा थेंब ठेवावा. (फेरीसायनाइडला आम्ल किंवा ज्योत लागू देऊ नये.) थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होते. निळा रंग म्हणजे तेथे लोह विरघळते आहे, गुलाबी म्हणजे तेथे हायड्रॉक्साइड तयार होते आहे. कडेला हवा लागते, मध्यभागी ती कमी पोहोचते. म्हणजे ऑक्सिजन जेथे कमी, तेथेच लोखंड खाल्ले जाते! हे पाहिल्यावर मुले सायकलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. घंटीच्या पट्टीखाली, ब्रेकच्या तारेच्या आवरणाखाली, सीटच्या दांडीभोवती, म्हणजे जेथे ओल शिरते पण हवा खेळत नाही, तेथे खड्डे सापडत गेले.

त्या सीटच्या दांडीने आमचे तीन आठवडे खाल्ले. दांडी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. मध्ये खारे पाणी. दोन वेगळे धातू आणि मीठ म्हणजे बॅटरीच झाली. तिच्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फुगून फटीत गच्च बसते. पहिला सल्ला मिळाला नळी तापवायचा. तो आम्ही मानला नाही. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, शिवाय रंग जळला असता तो वेगळाच. मग उलट केले तर? मिरकरवाडा बंदरावर मासळीसाठी बर्फाला तोटा नाही. आठ दिवस सांध्यात पातळ तेल मुरू दिले, मग उन्हात तापलेल्या सायकलीच्या दांडीवर फडक्यातून बर्फ बांधला. तापमान ४० अंशांनी उतरले तर २६ मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीपेक्षा जास्त आकसते ती मिलिमीटरचा शंभरावा भाग. एवढीच फट, पण तेलाला आत शिरायला तेवढी पुरते. कुल्फीवाल्यासारखे बर्फात मीठ घालावे म्हणजे आणखी थंड होईल, असे मुलांनी सुचवले. भौतिकशास्त्र बरोबर होते, पण मीठ आम्ही या सायकलीजवळ येऊ देणार नव्हतो. चौथ्या दिवशी दांडीचे डोके शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत, घट्ट धरले आणि सबंध सांगाडाच तरफेसारखा फिरवला. किंकाळीसारखा आवाज करत दांडी हलली.

गंज काढायला आम्ही आधी घरगुती आम्ले तपासली. बिलंबीचा रस रात्रभर ठेवलेल्या नटांवर चांगला चालला, कारण बिलंबीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. कोकमाच्या आगळाने गंज गेला, पण धुतल्यावरही दोन दिवसांत परत आला. आगळात मीठ असते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. शेवटी लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल असे द्रावण केले. त्याचे लोहाशी विरघळणारे संयुग बनते आणि घासल्यावाचून गंज सुटतो. हे आम्ल विषारी आहे. ते शिक्षकांनीच हाताळावे, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि शेवटी चुन्याच्या निवळीने धुऊन टाकावे. ऑक्झॅलेट पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. साखळी आणि स्प्रिंगा मात्र कोणत्याच आम्लात टाकू नयेत. आम्लातून निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. मुलामा दिलेल्या भागांना ओल्या ॲल्युमिनियमच्या कागदाने हलके चोळणे पुरते, कारण क्रोमियमचा थर फारच पातळ असतो. पॉलिश पेपर लावला की तो गेलाच.

छर्रे मागच्या तुंब्यात बाजूला नऊ-नऊ पाव इंची, पुढच्यात दहा-दहा थोडे लहान. एकच खराब दिसला तरी सगळे बदलतात, कारण नवा छर्रा झिजलेल्यांपेक्षा किंचित मोठा असतो आणि सारा भार त्याच्यावर येतो.

टायरच्या बाबतीत मात्र आम्ही फसलो. 'सव्वीसचा टायर' मागितला, तो रिमवर बसेना. सव्वीस इंच हे बाहेरचे ढोबळ माप. बारीक टायरच्या काही जुन्या सायकलींचा सव्वीसचा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, डोंगरी सायकलीचा ५५९ च्या. हा आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. तो पाहून मागितल्यावर गावातल्याच दुकानात रेंजरचा टायर मिळाला आणि चपखल बसला.

डावे पायडल काढताना नाक्यावरचे सायकलवाले काका हसले. "मास्तर, याचे आटे उलटे!" का उलटे, याचा प्रयोग वर्गात होतो. मूठ सैल ठेवून तिच्यात पेन्सिल धरावी आणि तिचे वरचे टोक गोल फिरवावे. पेन्सिल मुठीच्या आतून घरंगळत स्वतः उलट्या दिशेने फिरते. भाराखाली पायडलचा आसही क्रँकमध्ये असाच घरंगळतो. दोन्ही बाजूंना सुलटे आटे असते तर डावे पायडल चालवता चालवता निघून आले असते.

सायकल आता चालते. रंग जुनाच आहे, त्यावर मेण चढवले आहे. निर्मात्याच्या नावातली अर्धी अक्षरे उरली, ती तशीच आहेत. भाट्याहून आली की मुले तिला गोड्या पाण्याने धुतात आणि आतल्या खोलीत टांगतात. प्लॅस्टिक घालत नाहीत, त्यात ओल कोंडते. पायडलांच्या आसाची उजवी वाटी मात्र अजून निघालेली नाही. तिलाही उलटे आटे आहेत, आणि हे कळण्याआधी आम्ही दोन दिवस ती जोर लावून आवळत होतो.