घाम न दिसू देणाऱ्या नायिका

जून १९३८ मध्ये मुंबईत धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृह उघडले. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने ते स्वतःचे चित्रपट लावण्यासाठीच बांधलेले, त्यामुळे पहिला खेळही घरचाच होता : ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’. गोष्ट अगदी बेताची. नाटक उभे करायला पैसे नाहीत, आणि सगळी आशा शर्यतीच्या एका घोड्यावर. ती गोष्ट आज कुणाला आठवत असेल असे वाटत नाही. आठवतात ते नायिका एलिनॉर पॉवेलचे पाय. टॅप नृत्यात तिच्या तोडीचा पुरुष हॉलिवूडमध्ये शोधावा लागे. आणि आठवते क्लार्क गेबलच्या फोटोकडे बघत गाणारी एक पोरगेली मुलगी. त्या जूनमध्ये ती सोळा वर्षांची झाली. तिचे नाव ज्युडी गार्लंड.

बोलता बोलता पात्राने गायला लागणे हे संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला मुळीच खटकण्यासारखे नव्हते. फरक होता तो गाण्याच्या कामात. आपल्या रंगभूमीवर पद रंगले की कथानक खुशाल थांबे, ‘वन्स मोअर’ येई, पुन्हा पहिल्यापासून. चांगल्या हॉलिवूड म्युझिकल कॉमेडीत मात्र कथानक पुढे सरकते ते गाण्यातच. त्यातही ते सरकते नायिकेमुळे. नायक पहिल्या भेटीतच घायाळ झालेला असतो, त्याच्यात पुढे फारसे काही बदलायचे उरत नाही. ‘नाही’कडून ‘हो’कडे जायचे असते ते तिला, आणि तो प्रवास संवादात नाही, नाचात घडतो. या चित्रपटांची मोहिनी माझ्या मते इथे आहे. पोशाख, जिने, कारंजी हा सगळा वरचा वर्ख.

सुरुवातीला हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. १९२७च्या ‘द जॅझ सिंगर’नंतर बोलपटांची लाट आली आणि प्रत्येक स्टुडिओने हाताला लागेल ते गाणे पडद्यावर आणले. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडलेला, त्यामुळे नाच समोरून, जागचे न हलता टिपायचा. १९२९च्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले, पण आज तो बघणे जिवावर येते. त्याच चित्रपटाने पुढच्या सगळ्याला पुरेल अशी एक युक्ती मात्र दिली. एक नाच निर्मात्यांच्या मनास आला नाही, तो पुन्हा चित्रित करायचा ठरला. ध्वनिमुद्रण विभागाच्या डग्लस शिअररने सुचवले की आवाज चांगला आला आहे, तर वाद्यवृंद परत कशाला बोलवायचा? तीच ध्वनिमुद्रिका सेटवर वाजवा आणि नाच फक्त पुन्हा टिपा. आवाज आधी, चित्र नंतर. आपल्याकडे ज्याला प्लेबॅक म्हणतात त्याची हॉलिवूडमधली सुरुवात अशी खर्च वाचवण्यातून झाली.

गाण्यांचा इतका मारा झाला की १९३०-३१ च्या सुमारास प्रेक्षक विटले. स्टुडिओंनी तयार चित्रपटांतून गाणी कापून काढली. मंदीच्या ऐन भरात, १९३३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ने हा प्रकार पुन्हा उभा केला. नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली कॅमेरा छताला नेऊन ठेवी आणि खाली शेकडो पायांची फुले उमलवी. बघताना डोळे दिपतात, नाही असे नाही. पण त्या फुलात नायिका म्हणजे एक पाकळी. तिला तोंड आहे, मन आहे, हे वरून कसे दिसणार?

याच्या अगदी उलट वाट त्याआधीच्या वर्षी पॅरामाउंटच्या ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये रूबेन मामूलियानने धरली होती. पॅरिसमधला शिंपी गाणे गुणगुणतो, ते गिऱ्हाइकाच्या तोंडी बसते, तिथून टॅक्सीवाल्याच्या, मग आगगाडीतल्या सैनिकांच्या, जिप्सींच्या, आणि शेवटी दूरच्या गढीच्या सज्जात उभ्या राजकन्येपर्यंत पोचते. शिंपी आणि राजकन्या अजून भेटलेलीही नाहीत, पण त्यांचे जुळणार हे गाण्याने सांगून टाकले. ती राजकन्या म्हणजे जेनेट मॅकडोनल्ड. पुढे नेल्सन एडीबरोबर गंभीर चेहऱ्याने प्रेमगीते गाणारी म्हणून तिचे नाव झाले, आणि तिची विनोदाची जाण लोक विसरले. हा तिच्यावर अन्यायच.

पण सगळ्यांत मोठी जिंजर रॉजर्स. मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्समध्ये १९११ साली जन्मलेली व्हर्जिनिया मॅकमॅथ. टेक्ससमध्ये चार्ल्सटन नाचाची स्पर्धा जिंकून ती रंगमंचावर आली. पाठीशी खमकी आई, लीला. फ्रेड अस्टेअरबरोबर तिची जोडी १९३३च्या ‘फ्लाइंग डाउन टु रिओ’मध्ये जमली, तीही दुय्यम भूमिकांत. तो धरून १९३९पर्यंत आरकेओसाठी एकूण नऊ चित्रपट, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर एमजीएमचा एक.

अस्टेअरचा हट्ट असा की नाच डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे, आणि मध्ये कात्री शक्य तितकी कमी लागली पाहिजे. त्याच्या या हट्टाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याचा अर्थ जोडीदारणीसाठी काय होता, हे कमी बोलले जाते. एक पाऊल चुकले की अख्खा टेक वाया. नाच आधी काही आठवडे अस्टेअर आणि त्याचा सहायक हर्मीस पॅन मिळून बसवत. त्या काळात जिंजरचा भाग पॅन नाचे, कारण जिंजर दुसऱ्या चित्रपटाच्या सेटवर अडकलेली असे. मग ती येऊन पॅनकडून तो उचले. चित्रीकरण झाले की टॅपचा आवाज वेगळा भरत, आणि तिच्या पावलांचा ठेका बहुधा पॅनच वाजवी. म्हणजे पडद्यावरचे पाय तिचे आणि कानावर पडणारे एका पुरुषाचे!

‘टॉप हॅट’ (१९३५) मधला निळा झगा तर दंतकथाच झाला आहे. शहामृगाच्या पिसांचा तो झगा तिच्या पसंतीचा. तालमीत गिरकी घेतली की पिसे उडून अस्टेअरच्या नाकातोंडात आणि काळ्या कोटावर. तो चिडला, सेटवर कुरबुरी झाल्या, लीलाबाईही मध्ये पडल्या. जिंजर हटली नाही. चित्रपट पाहा : ती मागे झुकते तेव्हा त्या पिसांमुळे हालचालीला एक शेपूट मिळते, नाच संपल्यावरही क्षणभर झगा हलत राहतो. नजर तिचीच बरोबर होती. एखाददुसरे पीस आजही पडद्यावर गळताना दिसते. अस्टेअरने नंतर तिला सोन्याचे पीस भेट दिले.

तिचा खरा कस लागला तो ‘स्विंग टाइम’ (१९३६) मध्ये. ती नाच शिकवणारी पेनी, तो तिच्या वर्गात नाच येत नसल्याचे सोंग घेऊन शिरतो, तिलाही घेऊन धडपडतो. वैतागून ती म्हणते की तुला शिकवण्यात अर्थ नाही. मालक ते ऐकतो आणि तिला कामावरून काढतो. मग तिने आपल्याला किती शिकवले हे मालकाला दाखवायला अस्टेअर तिचा हात धरून नाचू लागतो. आता त्याच्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा. आधी संताप, मग संशय, मग ‘अरे, याला येते की!’ हा चकितपणा, आणि शेवटी दोघे मिळून नाचाच्या जागेभोवतीचे बुटके कुंपण ओलांडतात तेव्हा निखळ मजा. हे सगळे पायांचा ताल न सोडता. अस्टेअर थोर नर्तक, हे कोण नाकारील? पण त्याच्यावर प्रेम जडावे इतका तो देखणा नव्हता. जिंजर ज्या नजरेने त्याच्याकडे बघते, त्या नजरेमुळे आपण त्याला नायक मानतो.

याच चित्रपटातला शेवटचा नाच दोन जिन्यांमध्ये होतो. ती दुसऱ्याशी लग्न करायला निघाली आहे, आणि त्याने आता कधीच नाचणार नाही असे ठरवले आहे. या नाचाचे सत्तेचाळीस टेक झाले असे सांगतात. मध्यरात्र कधीच उलटून गेली, जिंजरच्या बुटांत रक्त साकळले, आणि मग दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सच्या मनासारखा टेक मिळाला. ती मागे पाऊल टाकत फिरत फिरत जिना चढते, त्यात ते रक्त कुठे शोधूनही सापडत नाही. (याच चित्रपटात अस्टेअर चेहऱ्याला काळे फासून नाचतो. नाच अप्रतिम आहे आणि पाहताना लाजही वाटते, दोन्ही खरे.) जिंजरला ऑस्कर मिळाले, पण ‘किटी फॉइल’ (१९४०) या गंभीर चित्रपटासाठी. हसवणाऱ्या आणि नाचणाऱ्या बाईला अभिनेत्री म्हणवून घ्यायला रडावेच लागते, हा न्याय आपल्याकडेही ओळखीचा आहे.

आता आवाजाकडे वळू. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) ही कथाच आवाजाच्या चोरीची. मूकपटांची तारका लीना लामाँ हिचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागून कॅथी नावाची मुलगी तिच्यासाठी बोलते, गाते, आणि शेवटी पडदा वर जाऊन बिंग फुटते. कॅथी झाली होती डेबी रेनल्ड्स. वय एकोणीस, नर्तिका म्हणून शिक्षण जवळपास नाहीच, आणि बरोबर जीन केली आणि डॉनल्ड ओकॉनर यांच्यासारखे कसलेले नर्तक. एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना अस्टेअरला सापडली. त्याने तिला आपल्या तालमीला नेऊन बसवले आणि त्याचीही कशी दमछाक होते ते पाहू दिले. तिघांच्या सकाळच्या गाण्याचे चित्रीकरण सकाळी सुरू झाले ते रात्रीपर्यंत चालले, तिच्या पायांतून रक्त आले. गंमत पुढेच आहे. लीनासाठी कॅथी गाते त्या गाण्यात आवाज डेबीचा नाहीच, तो बेटी नॉइस या गायिकेचा. आणि कॅथी लीनासाठी संवाद बोलते तिथे आवाज आहे लीना झालेल्या जीन हेगनचाच, कारण तिचा खरा आवाज मुळात भारदस्त. श्रेयनामावलीत नॉइसचे नाव नाही. आवाजाची चोरी उघडी पाडणाऱ्या चित्रपटानेच ती केली!

हे अपवादाने घडत नव्हते. रिटा हेवर्थ, सिड चॅरिस यांच्या गाण्यांना आवाज इतरांचे. मार्नी निक्सनने ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुडसाठी, ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नसाठी गायले, आणि तिन्ही वेळा पडद्यावर नाव नाही. डेबोरा करने स्वतःहून वार्ताहरांना ते सांगितले, हा तिचा मोठेपणा. आपल्याकडे १९४९च्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवरही गायिकेच्या जागी पात्राचे नाव होते, कामिनी. पण रेडिओवर श्रोत्यांनी चौकशी सुरू केली आणि लता मंगेशकर हे नाव घरोघरी गेले. १९५९ मध्ये ‘फिल्मफेअर’ने पार्श्वगायनासाठी पारितोषिक सुरू केले, पहिले त्यांनाच मिळाले. ऑस्करमध्ये असे पारितोषिक आजतागायत नाही. हॉलिवूडला पडद्यावरची बाई अखंड, एकसंध हवी होती. आपण चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा हे उघड मान्य केले, आणि दोघींवर प्रेम केले. या एका बाबतीत आपला सिनेमा अधिक प्रामाणिक ठरला.

ज्युडी गार्लंडला उसना गळा कधी लागला नाही. तिच्याकडून घ्यायचे ते बाकी सगळे स्टुडिओने घेतले. तेराव्या वर्षी करार, वजन घटवायला गोळ्या, जागे राहायला गोळ्या, झोपायला गोळ्या. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये लहान दिसावी म्हणून छाती आवळून बांधलेली. तिच्या शोकांतिकेवर इतके लिहिले गेले आहे की ती किती हसवायची हे मागे पडले. ‘ईस्टर परेड’ (१९४८) पाहा. अस्टेअर तिला आपल्या जुन्या जोडीदारणीची नक्कल बनवायला बघतो. पुरुष वळून बघतात का ते पाहायला तिला रस्त्यावर पुढे चालायला लावतो. लोक वळतात, तो चाट पडतो, कारण ती गाल फुगवून भयंकर तोंड करून चाललेली असते. याच चित्रपटात ती पिसे झडणारा झगा घालून नाचते, ती ‘टॉप हॅट’चीच थट्टा. दोनच वर्षांनी एमजीएमने तिचा करार संपवला. १९६९ मध्ये लंडनला ती वारली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

लीना हॉर्नला तर नायिका होण्याची संधीच क्वचित मिळाली. ती कृष्णवर्णीय. एमजीएमने तिला करारात घेतले, पण तिची गाणी कथेपासून सुटी ठेवली, एखाद्या खांबाला टेकून ती गाणार आणि जाणार, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत तेवढा तुकडा कापता येई. १९५१च्या ‘शो बोट’मध्ये मिश्र वंशाच्या ज्यूलीची भूमिका होती. तिचे गाणे लीनाने आधी एका चित्रपटात गायलेही होते. भूमिका मिळाली गोऱ्या एव्हा गार्डनरला, आणि चित्रपटातला गाण्याचा आवाज तिचाही नव्हता.

या चित्रपटांचा एक धागा आपल्याकडे आला तो गोव्यावरून. आल्दोनाचे आंतोनियो शाविएर वाझ म्हणजे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात त्यांनी या चित्रपटांतला पितळी सूर आणला. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) त्यातून झाला. त्यात गीता बालीच्या चेहऱ्यावर जी खट्याळ चमक आहे, ती म्युझिकल कॉमेडीच्या कोणत्याही नायिकेच्या शेजारी शोभावी. उलट दिशेनेही काही गेले. ‘जेंटलमेन प्रिफर ब्लॉण्ड्स’ (१९५३) मध्ये मेरिलिन मन्रो आणि जेन रसेल यांचे नाच बसवणारा जॅक कोल भरतनाट्यमचा अभ्यासक होता. जॅझच्या तालावर मान आणि हात स्वतंत्रपणे हलवण्याची त्याची रीत तिथून आली.

हे सारे चालले ते स्टुडिओच्या पगारी फौजेवर : वादक, शिंपी, नर्तक, बारा महिने बांधलेले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंच्या हातून चित्रपटगृहे जायला लागली, त्यापाठोपाठ टीव्ही आला, आणि पन्नाशीचे दशक संपता संपता ही फौज मोडली.

वाचकांपैकी कुणाला या चित्रपटांची ओळख करून घ्यायची असेल, तर सगळे सांगतात त्या ‘सिंगिंग इन द रेन’ने सुरुवात करू नका. तो या प्रकाराचा उत्कृष्ट उपसंहार आहे, आणि आधीचे पाहिलेले असले की दुप्पट हसवतो. आधी ‘स्विंग टाइम’ पाहा, मग ‘ईस्टर परेड’. पहिल्यांदा नाच बघा. दुसऱ्यांदा फक्त नायिकेचा चेहरा.