वाटेचा लेक

मेलबर्नमध्ये मगरिबची वेळ होते तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरला दुपारचे साधारण अडीच वाजलेले असतात. तिकडे मुलगा खजूर तोंडात टाकतो आणि इकडे अम्मीची जोहरची नमाज नुकतीच आटोपलेली असते. अम्मीचा रोजा सुटतो संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. त्या वेळी मुलाच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेलेली असते. दोन्ही ठिकाणी रोजा तोच, पण दस्तरखानावर दोघांची गाठ पडत नाही.

एक वेळ मात्र जुळते. तरावीह आटोपून गाव झोपायला लागतो, रात्रीचे साडेअकरा होतात, तेव्हा मेलबर्नला पहाटेचे पाच वाजत असतात. म्हणजे अम्मीने झोपण्याआधी फोन केला, की मुलाला सहरीला जाग येते. साडेपाच तासांच्या फरकातून एवढी एक खिडकी उघडी राहते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि हा फरक साडेचार तासांवर येतो.

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे पहिले सत्र फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला उघडते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर साली तेवढा अलीकडे सरकतो. सध्या तो नेमका या दिवसांत येतो आहे. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुस्लिम मुलामुलींचे परदेशातले पहिले आठवडे आणि रोजाचे दिवस एकावर एक येतात. नवा देश, नवी खोली, नवी भाषा, रिकामा खिसा आणि त्यात उपवास.

तिथे गेल्यावर पहिली गंमत सूर्य करतो. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात असल्याने मेलबर्न-सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. उसाच्या फडात उन्हावरून दिशा ओळखायला शिकलेला मुलगा तिथे हमखास चुकतो. चंद्रकोरही आपल्याकडच्यापेक्षा उलट्या अंगाला कललेली दिसते. काबा मात्र पश्चिमेलाच. निरगुडसरहून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मेलबर्नहूनही जवळपास तसाच. आभाळ बदलते, पण जानमाज अंथरायची दिशा बदलत नाही.

रमजान कधी सुरू झाला, यावरही घरी फोनवर चर्चा रंगते. ऑस्ट्रेलियातली इमामांची राष्ट्रीय परिषद खगोलशास्त्रीय गणितावरून तारीख आधीच जाहीर करते. आपल्याकडे चांद प्रत्यक्ष दिसण्याची वाट पाहिली जाते. २०२५ मध्ये परिषदेने १ मार्चला पहिला रोजा जाहीर केला, भारतात तो २ मार्चला झाला. ईद मात्र दोन्हीकडे ३१ मार्चलाच आली. तिकडच्या मुलाचे तीस रोजे झाले आणि घरच्यांचे एकोणतीस.

ही झाली आभाळाची गोष्ट. जमिनीवरची गोष्ट अधिक कठीण आहे.

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाचे शुल्क २०२४ च्या मध्यापर्यंत ७१० डॉलर होते. १ जुलै २०२४ पासून ते १६०० झाले आणि १ जुलै २०२५ पासून २००० डॉलर. म्हणजे नुसत्या अर्जाला लाखाच्या वर रुपये, आणि व्हिसा नाकारला तर ते सहसा परत मिळत नाहीत. राहण्या-खाण्याच्या वर्षभराच्या खर्चासाठी २९,७१० डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते. रुपयांत ही रक्कम कित्येक लाखांच्या घरात जाते. विद्यापीठाची फी, विमानाचे तिकीट आणि सक्तीचा आरोग्य विमा वेगळाच.

उसाच्या बिलावर आणि दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घरात एवढा पैसा उभा राहतो तो कर्जातून किंवा जमिनीतून. मुस्लिम घरात त्यात आणखी एक घालमेल असते. व्याज दीनमध्ये मना, आणि शैक्षणिक कर्ज तर व्याजाशिवाय मिळत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार हलका करणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ सवलतीच्या दराने शैक्षणिक कर्ज देते, पण परदेशातला सगळा खर्च त्यात भागत नाही. मग मामा, चुलते, शेजारचे पाटील, वडिलांचे दुकानदार मित्र अशा सगळ्यांकडून उसनवारी होते. गावाहून निघताना मुलाच्या बॅगेत कपडे असतात, मसाले असतात आणि या सगळ्यांचा हिशेबही असतो.

त्या बॅगेवरूनच पहिली परीक्षा होते. ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांचे नियम फार कडक आहेत. विमानातून उतरताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर मसाले, बियाणे, लोणचे, सुका मेवा सगळे लिहावे लागते. जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या धास्तीने दुधाच्या पदार्थांवर विशेष बंधने आहेत. अम्मीने प्रेमाने दिलेली खव्याची मिठाई विमानतळावरच काढून घेतली जाऊ शकते. लिहून दिले तर फार तर वस्तू जाते. लपवले आणि सापडले तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. डबा भरणाऱ्यांनी हे आधी समजून घेतलेले बरे.

त्यानंतर खोली. भाड्याची अनामत साधारण चार आठवड्यांची, वर आगाऊ भाडे. घर न पाहता, फोटोवर भुलून, गावाकडूनच पैसे पाठवणारे फसतात. मग बँक खाते आणि कर क्रमांक. हा क्रमांक सरकार फुकट देते, पण हाती यायला चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि त्याशिवाय पगारातून जास्त कर कापला जातो. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कामच करता येत नाही. सुरू झाल्यावर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा. ती सुट्टीच्या काळात नसते. थोडक्यात, पहिले काही आठवडे पैसा फक्त जातो, येत नाही. ‘गेल्या गेल्या काम मिळेल, महिन्याभरात हप्ता सुरू करशील’ असे सांगणारे एजंट हे सांगत नाहीत. त्यांना अनेकदा संस्थांकडून प्रवेशामागे दलाली मिळते, हेही सांगत नाहीत.

अशा वेळी जो पहिला मालक काम देतो तो देवदूत वाटतो. रात्रपाळीची भांडी, गोदामातली हमाली, हॉटेलातली साफसफाई. रोजा सोडायला पाच मिनिटे मागायचीही भीती वाटते. हातात रोख पैसे, तेही ठरलेल्या दरापेक्षा कमी. कायदा मात्र कामगाराच्या बाजूने आहे. १ जुलै २०२५ रोजी तिथले किमान वेतन ताशी २४ डॉलर ९५ सेंट झाले आणि किमान वेतन विद्यार्थ्यालाही लागू आहे. व्हिसाची भीती घालून एखाद्याला दबावाखाली राबवणे हा १ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. ‘फेअर वर्क ओम्बुड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे दाद फुकट मागता येते. पण दाद मागायला आधी ‘माझी फसवणूक होते आहे’ हे कुणाला तरी सांगावे लागते. मुलगा घरी ते सांगत नाही. अम्मी विचारते, “खाना खाया क्या?” तो म्हणतो, “हां अम्मी, सब ठीक है.” अब्बांनी काढलेले कर्ज त्याला आठवत असते.

या मुलांच्या आधीही आपल्या भागातल्या बंदरांतून माणसे त्या देशात गेली होती. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली, तेव्हा तिच्यासाठी उंट आणि उंटवान कराचीहून नेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढच्या साठेक वर्षांत असे दोन ते चार हजार उंटवान तिथे गेल्याचा अंदाज आहे. पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी अशा सगळ्यांना तिथले लोक सरसकट ‘अफगाण’ म्हणत. बहुतेक जण तीन वर्षांच्या करारावर, बायकामुलांशिवाय गेलेले. रेल्वे आणि तारेचे सामान, लोकर, पाणी त्यांनी वाळवंटातून वाहिले. आजची ‘द घान’ ही प्रसिद्ध रेल्वे त्यांच्याच नावावरून ओळखली जाते. थकल्याभागल्यांना टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी वर्गणी काढली आणि १८८८-८९ मध्ये ॲडलेडला दगडी मशीद उभी राहिली. १९०३ मध्ये तिला चार मिनार जोडले गेले. म्हातारे, आजारी, घरी परत न जाऊ शकलेले उंटवान तिच्या आवारातल्या खोल्यांत राहत. तिथे आजही नमाज होते.

आता तो देश बराच बदलला आहे. २०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात मुस्लिम ३.२ टक्के होते. सिडनीतल्या लकेम्बा भागात रमजानच्या रात्री रस्त्यावर खाद्यजत्रा भरते आणि सगळ्या धर्मांचे लाखो लोक तिथे जेवायला येतात. बहुतेक विद्यापीठांत नमाजची खोली असते, मुस्लिम विद्यार्थी संघटना इफ्तार ठेवतात. मराठी बोलायला माणूस हवा असेल तर सिडनी-मेलबर्नची महाराष्ट्र मंडळे आहेत. पहिल्या आठवड्यातच या दारांवर थाप मारली तर बरेच काही सोपे होते.

दार बंद होते तेव्हा काय होते, तेही दिसले आहे. करोनाची साथ आली आणि हॉटेले, दुकाने बंद झाली. ३ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी आणि पाहुण्यांनी घरी परत जावे, असे सांगितले. जायला विमाने जवळपास नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस रमजान सुरू झाला. सरकारी भत्त्याच्या बाहेर राहिलेली ही मुले तेव्हा जगली ती शेजाऱ्यांवर. मशिदी, चर्च, मंदिरे, स्वयंसेवी संस्थांनी शिधा वाटला. मेलबर्नच्या ‘सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया’ या संस्थेच्या गाड्या गरम जेवणाचे डबे घेऊन फिरत होत्या. खाणाऱ्याला धर्म कुणी विचारला नाही.

कुराणातल्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आणि गरजू तर आहेतच. पण त्यात कर्जात बुडालेला माणूस आहे, आणि अगदी शेवटी आहे ‘इब्नुस्सबील’. शब्दशः अर्थ घेतला तर वाटेचा मुलगा. आपल्या मराठीत म्हणायचे तर वाटेचा लेक. घरी शेतीवाडी असो, पण परमुलखात ज्याचा हात आपल्या पैशापर्यंत पोहोचत नाही, तो हक्कदार. प्रवाशाला रोज्यातही सवलत आहे. विमानातला रोजा सोडून नंतर भरता येतो. हनफी मताप्रमाणे एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहायचे ठरले की माणूस मुसाफिर राहत नाही, मुक्कामी होतो आणि रोजे ठेवावे लागतात. मेलबर्नला पोहोचलेला मुलगा रोज्याच्या हिशेबात मुक्कामी झाला. माणुसकीच्या हिशेबात मात्र तो पुढचे कितीतरी आठवडे वाटेवरच असतो.

वाटसरूला घास देणे आंबेगावला नवे नाही. श्रावणात भीमाशंकरला निघालेल्यांना मंचर-घोडेगावच्या रस्त्यावर चहा-फराळ मिळतो. ज्याच्या अंगणात वाटसरू येतो त्याला अतिथीधर्म शिकवावा लागत नाही.

आणि वाटेची लेकरे सध्या निरगुडसरच्या शिवारातही आहेत. शेजारच्या पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर कुटुंबांसह येतात, फडाजवळ कोप्या करून राहतात. तेही मुकादमाची उचल घेऊन, म्हणजे कर्ज डोक्यावर घेऊनच, घराबाहेर पडलेले असतात. त्यांची पोरे शाळा सोडून सोबत येतात आणि पहाटेच्या अंधारात, बिबट्याच्या भीतीत, आईबापांबरोबर फडात जातात. जकातीचे नियम वेगळे आहेत, ते आलिमांना विचारावेत. पण सदका कुणालाही देता येतो, त्याला धर्माची अट नाही. इफ्तारीची फळांची एक पिशवी किंवा ईदच्या शीरखुर्म्याचे एक पातेले कोप्यांपर्यंत गेले, तर परमुलखातल्या आपल्या लेकासाठी मागितलेल्या दुआला हातांचीही जोड मिळेल.

राहिला फोन. आज रात्री साडेअकराला तो लागेल तेव्हा ‘खाना खाया क्या’ एवढेच न विचारता आणखी दोन प्रश्न विचारावेत. इफ्तार कुणाबरोबर केलीस? आणि पगार ताशी किती मिळतो? उत्तर यायला उशीर झाला तर कर्जाची आठवण न देता थांबावे. घरचे रागावणार नाहीत अशी खात्री पटली, तर मुले खरे बोलतात.