अंशतः मजकूर जुळणी (पीएचपी)

अंशतः मजकूर जुळणी म्हणजे मोठ्या मजकुरात दिलेला लहान मजकूर सलग आढळतो का, हे आज्ञावलीद्वारे तपासणे. संकेतस्थळावरील शोधपेटी, गावांच्या याद्या व बाजारभावांचे तक्ते यांत तिचा वापर होतो. पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी तयार फंक्शने आहेत. ती अर्थाची किंवा शब्दांची नव्हे, तर साठवलेल्या बाइटांची तुलना करतात. त्यामुळे मराठी मजकुरात हवी असलेली नोंद सुटणे आणि नको असलेली नोंद सापडणे, असे दोन्ही प्रकार घडतात.

प्रमुख फंक्शने

पीएचपीच्या ८.० या आवृत्तीत (नोव्हेंबर २०२०) ‘स्ट्र_कंटेन्स’ हे फंक्शन आले. ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. शोधमजकूर रिकामा असल्यास उत्तर नेहमी ‘आहे’ असे येते; म्हणून रिकामी शोधपेटी आधी वेगळी तपासावी लागते.

त्यापूर्वीपासून वापरात असलेले ‘स्ट्रपॉस’ हे फंक्शन जुळणीचे स्थान सांगते व जुळणी नसल्यास ‘असत्य’ हे मूल्य देते. स्थानांची मोजणी शून्यापासून होते. ‘लातूर जिल्हा’ या मजकुरात ‘लातूर’ शोधल्यास उत्तर ० येते. सैल तुलनेत शून्य व असत्य समान ठरत असल्याने नोंद असूनही ती नसल्याचा निष्कर्ष निघू शकतो. हे टाळण्यासाठी तीन बरोबर-चिन्हांची काटेकोर तुलना वापरतात.

युटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘हुजूर साहिब नांदेड’ या स्थानकनामात ‘नांदेड’चे स्थान ‘स्ट्रपॉस’ ३२ असे देते, तर चिन्हे मोजणारे ‘एमबी_स्ट्रपॉस’ १२ असे देते. जुळणी आहे की नाही एवढेच पाहायचे असल्यास हा फरक बाधत नाही. मजकूर कापायचा किंवा ठळक करायचा असल्यास बाधतो.

अनपेक्षित जुळण्या

बाजारभावांच्या तक्त्यात ‘तूर’ शोधल्यास लातूर बाजारपेठेतील सोयाबीनची नोंदही सापडते, कारण ‘लातूर’ या नावातच ‘तूर’ आहे. नांदेड जिल्ह्यातील ‘लोहा’ तालुका शोधताना धाराशिव जिल्ह्यातील ‘लोहारा’ पुढे येतो. ‘खेड’ शोधल्यास मुखेड व मुदखेड हेही जुळतात. पीक, तालुका व जिल्हा यांचे रकाने वेगळे ठेवून ठरावीक रकान्यात पूर्ण जुळणी तपासणे, हा यावरील सोपा उपाय आहे.

सुटणाऱ्या जुळण्या

वाहत्या मजकुरात मात्र पूर्ण शब्दाची अट घालता येत नाही, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच येतात. ‘लातूर’ हा शोध ‘लातूरला’ व ‘लातूरकर’ यांना जुळतो; पण ‘लातुरात’ या रूपात ऊकार ऱ्हस्व होत असल्याने ते सुटते. शोध ‘लात’ एवढाच ठेवल्यास ‘कलात्मक’ हा शब्दही जुळतो. ‘लात’ नंतर ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार आणि त्यापुढे ‘र’, असा नमुना ‘प्रेग_मॅच’ या फंक्शनला दिल्यास दोन्ही रूपे सापडतात व ‘लातुर’ असे चुकीचे लेखनही निसटत नाही. अशा नमुन्याला युनिकोडसाठीचा ‘यू’ निदर्शक जोडावा लागतो.

काही शब्द पडद्यावर सारखे दिसूनही वेगळे साठवलेले असतात. ‘शेतकऱ्यांना’ यातील अर्धा र तीन प्रकारे टंकित होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य शून्यरुंदी जोडक वापरून. पीएचपीतील ‘नॉर्मलायझर’ पहिले दोन प्रकार एकरूप करतो. तिसरा वेगळा बदलून घ्यावा लागतो. हे संस्कार साठवलेला मजकूर व शोधमजकूर या दोहोंवर सारखेच करावे लागतात. एकावरच केल्यास जुळणी पुन्हा हुकते.