माशांचे घर बदलताना

घर बदलायचे ठरले की देव, पुस्तके, भांडी यांची व्यवस्था आधी होते. काचपेटीतले मासे आठवतात ते टेम्पो दारात येऊन उभा राहिल्यावर. २०१६ मध्ये शहापूरचे घर सोडून आम्ही अनगोळला गेलो तेव्हा आमचे तसेच झाले. नव्या घरात सगळे स्वच्छ हवे म्हणून मी पेटी, तळाचे खडे, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतले. पेटी आरशासारखी लखलखीत झाली. चौथ्या दिवशी सकाळी पाचही मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. कन्या तेव्हा दुसरीत होती. "बाबा, तुम्ही काय केलंत?" एवढेच तिने विचारले.

काय केले ते मलाही ठाऊक नव्हते. मी पडलो भाषेचा मास्तर. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याने मग स्टाफरूममध्ये माझा वर्गच घेतला. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विष. स्पंजवर आणि खड्यांवर जगणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. मी नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने या जीवाणूंचीच धुलाई केली होती. आपल्याला जो बुळबुळीत मळ वाटतो तो माशांचा प्राण असतो!

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा घर बदलले, यावेळी कणबर्गीला. पेटीत दोन गोल्डफिश होते. त्यातला एक आठ वर्षांचा, २०१६ च्या त्या प्रकारानंतर लगेच आणलेला. आईने त्याचे नाव 'म्हातारा' ठेवले आहे.

आदल्या दिवशी दोघांना उपास घडवला. पोट रिकामे असले की प्रवासात पाणी कमी घाण होते. ("एकादशी आहे का रे त्यांची?" इति आई.) उन्हाच्या आत निघायचे म्हणून पहाटे उठून पेटीतले पाणी नळीने झाकणाच्या बादल्यांत भरले. बादल्या साबण कधीही न लागलेल्या. प्रत्येक माशाला वेगळी पिशवी, तिच्यात एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून झाकण लावले. अंधारात मासे शांत राहतात. स्पंज पेटीच्याच पाण्यात बुडवून उघड्या डब्यात घेतला, कारण त्या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. ज्यांच्या पेटीत हीटर असेल त्यांनी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटांनीच पाण्याबाहेर काढावा, नाहीतर काच तडकते.

तळाशी चार बोटे पाणी आणि खडे तसेच ठेवून पेटी उचलावी असा माझा बेत होता. टेम्पोवाल्याने नुसते पाहिले आणि म्हणाला, "नीर खाली माड्री सर, इल्लांद्र ओडीतैती." त्याचेच बरोबर होते. आमची तीन फुटी पेटी भरलेली असली तर नुसते पाणीच सव्वाशे किलो. थोडे पाणी आणि खडे राहिले तरी उचलताना वजन एका बाजूला जाते आणि सिलिकॉनचे सांधे उकलतात. खडे ओलेच बादलीत काढले.

नव्या घरी सौ. चुलीवर दूध उतू घालवत होती, तेव्हा मी सपाट स्टँडवर थर्मोकोलचा पत्रा घालून त्यावर पेटी मांडत होतो. जुने खडे, जुने पाणी, आणि कमी पडले तेवढे एक दिवस आधी भरून ठेवलेले नळाचे पाणी. फिल्टर लगेच सुरू केला. पिशव्या वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग पेटीतले पाणी वाटी-वाटीने त्यांत मिसळले आणि जाळीने मासे सोडले. पिशवीतले पाणी मात्र मोरीत. पुढचे काही दिवस खाणे अगदी चिमूटभर. यावरून आईशी माझे रोज वाजत असे.

चौथ्या दिवशी कन्या दात न घासताच पेटीपाशी गेली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. थोड्या वेळाने आवाज आला, "बाबा, म्हातारा खडे उकरतोय."