औषधांचा बाजार : लेखांक ७
निकाल लांबला, म्हणजे लस लागू पडली?

गेल्या आठवड्यात चाचणीचे तीन टप्पे पाहिले. तिसरा टप्पा सुरू झाला की निकाल हाती येईपर्यंत कंपनीला फारसं काही सांगता येत नाही. शेअर बाजाराला मात्र नेमका तेव्हाच कंठ फुटतो.

अमेरिकेतल्या मेरीलँडच्या नॉर्थवेस्ट बायोथेरप्युटिक्स या छोट्या कंपनीचंच घ्या. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत आक्रमक कर्करोग. त्यावरची या कंपनीची डीसीव्हॅक्स-एल ही लस रोग होऊ नये म्हणून टोचत नाहीत, ती झालेल्या रोगावरची आहे. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीच्या पेशी फोडून त्यांचा अर्क करतात. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून प्रयोगशाळेत डेंड्रिटिक पेशी तयार करतात, त्यांना त्या अर्काची ओळख करून देतात आणि दंडात टोचतात. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

तिसऱ्या टप्प्यात ३३१ रुग्ण होते. २३२ जणांना लस, ९९ जणांना प्लासिबो. मात्र रोग उलटला की प्लासिबो घेणाऱ्यालाही लस मिळणार होती. माणुसकीच्या दृष्टीने हे योग्यच, पण त्यामुळे शेवटी जवळपास ९० टक्के रुग्णांना लस मिळाली आणि तुलनेला कोरा गट उरलाच नाही.

अशा चाचणीचा शेवट तारखेवर ठरत नाही. ठरावीक संख्येने रुग्णांचा रोग उलटला किंवा मृत्यू झाले, की आकडेमोड सुरू होते. यावरून गुंतवणूकदारांनी तर्क बांधला : निकाल लांबतोय, म्हणजे माणसं जगताहेत, म्हणजे लस लागू पडतेय. तर्क अगदीच पोकळ नाही, म्हणूनच तो घातक. उशिराला कारणं बरीच असतात. या चाचणीत २०१५ साली नवे रुग्ण घेणं थांबलं होतं, पुढे विश्लेषणाचा आराखडाही बदलला. बोर्डाचा निकाल लांबला म्हणून कुणी मेरिटमध्ये येत नाही.

मे २०१८ मध्ये दोन्ही गटांचे एकत्रित आकडे प्रसिद्ध झाले : शस्त्रक्रियेपासून मध्यक आयुष्य २३.१ महिने. कुणाला लस आणि कुणाला प्लासिबो, हे गुलदस्त्यातच होतं. तरी हौशी मंडळींनी एक्सेल उघडून लसवाल्यांचं आयुष्य ‘काढलं’. एक गोष्ट मात्र त्या गणितात सहसा येत नसे. रेडिएशन-केमोनंतर लगेच रोग वाढलेले रुग्ण मुळात या चाचणीत घेतलेच नव्हते. उरलेले थोडे जास्त जगणार, हे लसीशिवायही अपेक्षित होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये डेटा लॉक झाला, म्हणजे आकडे गोठवले गेले. पुन्हा दीड वर्ष शांतता, पुन्हा तेच तर्क. अखेर १० मे २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये निकाल मांडला आणि शेअर त्याच दिवशी कोसळला. रुग्णांचे गट पाडले तेव्हापासून मोजलेलं, लस घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य १९.३ महिने, तुलनेच्या गटाचं १६.५. पण हा गट याच चाचणीतला नव्हता, तो इतर चाचण्यांमधल्या १,३६६ रुग्णांचा होता. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ हा मूळ निकष, आणि तिथे लसीचा फायदा दिसला नाही. काही दीर्घायुषी रुग्णांमुळे आशा धरायला जागा आहे, असं मला वाटतं. पण पैज लावणाऱ्यांना हो किंवा नाही हवं होतं. खोट्या ऑर्डरी टाकून भाव पाडल्याचा आरोप करत कंपनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोठ्या दलाल संस्थांविरुद्ध कोर्टात गेली.

याउलटही घडतं. २८ एप्रिल २००९ रोजी प्रोस्टेट कर्करोगावरच्या प्रोव्हेंज लसीचा तपशील जाहीर व्हायला थोडा अवधी होता. तेवढ्यात ती बनवणाऱ्या डेंड्रिऑन कंपनीचा शेअर मिनिट-दीड मिनिटात २० डॉलरच्या वरून आठच्या खाली आला आणि व्यवहार थांबवावे लागले. निकाल चांगला निघाला : मध्यक आयुष्य चार महिन्यांनी वाढलं होतं. पण स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावून बसलेल्यांचे शेअर तोवर विकले गेले होते.

पुढच्या आठवड्यात : मॉडर्ना आणि मर्कची एमआरएनए लस.