रायफल अडते ती मॅगझिनपाशी

१९८२च्या फॉकलंड युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हाती मुळात एकाच घराण्याची रायफल होती. अर्जेंटिनाकडे रोसारियोच्या कारखान्यात परवान्याने बनलेली एफएएल, तर ब्रिटिशांकडे तिचेच इंग्लिश रूप, एल१ए१. काडतूस दोन्हीकडे ७.६२ मिमीचे, मॅगझिनची क्षमताही वीसच काडतुसांची. तरीही ब्रिटिश मॅगझिन अर्जेंटिनाच्या रायफलीत बसत नव्हते. अर्जेंटिनाचे मॅगझिन ब्रिटिश रायफलीत जाई, पण सैल राही. कारण होते मॅगझिनच्या पुढच्या टोकावरचा एक लहानसा खुंट.

बेल्जियमच्या एफएन कंपनीतले अभियंता द्यूदोने सेव्ह यांनी घडवलेली ही रायफल ९०हून अधिक देशांनी वापरली. भारतात इशापूरच्या कारखान्यात तिच्यावर बेतलेली १ए१ बनली आणि ‘एसएलआर’ म्हणून आपल्या जवानांच्या व पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके राहिली. असे लष्करी शस्त्र आपल्याकडे सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र या घराण्याच्या अर्धस्वयंचलित रायफली नेमबाज आणि संग्राहक कायद्याने विकत घेतात आणि त्यांच्यासाठी निरनिराळ्या सैन्यांनी काढून टाकलेली पोलादी मॅगझिने शोधतात. त्यांतले भरवशाचे कोणते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे.

एफएएलचा स्वयंचलित माऱ्याचा वेग मिनिटाला साधारण ६५० ते ७०० गोळ्या. म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टच्या एका पूर्ण येरझारीला एक दशांश सेकंदही मिळत नाही. बोल्ट मागे जाऊन परत पुढे येईपर्यंत पुढचे काडतूस वर येऊन त्याच्या वाटेत उभे राहायला हवे. एका काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम, तेव्हा भरलेल्या मॅगझिनमधल्या स्प्रिंगला जवळजवळ अर्धा किलोचा ढीग त्या क्षणार्धात उचलावा लागतो. हूकच्या नियमाप्रमाणे स्प्रिंग जितकी दाबलेली, तितका तिचा जोर जास्त. मॅगझिन रिकामे होत जाते तसा भार घटतो, पण स्प्रिंगचा जोरही घटतो. थकलेल्या स्प्रिंगमध्ये काडतूस उशिरा वर येते. मग बोल्ट त्याच्यावरून तसाच पुढे जातो किंवा त्याची मागची कड अर्धवट पकडतो, आणि रायफल अडते.

मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग मरते, असा समज पक्का आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या लवचीकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली, तर तिचा जोर फारच थोडा कमी होतो. तिला खरे झिजवते ते पुन्हा पुन्हा दाबणे आणि सोडणे. त्याहून घातक गंज, कारण गंजाच्या प्रत्येक खळग्यापाशी ताण एकवटतो. स्प्रिंग सुटी मिळते आणि बदलता येते. म्हणून एवढ्यासाठी एखादे चांगले मॅगझिन टाकून देऊ नये.

मॅगझिनचे ओठ मात्र असे बदलता येत नाहीत. काडतुसाला अडवून धरणाऱ्या वरच्या दोन वळवलेल्या कडा म्हणजे हे ओठ. काडतूस कोणत्या उंचीवर थांबेल, कोणत्या कोनात पुढे सरकेल आणि नेमके कुठे सुटेल, हे सारे तेच ठरवतात. मॅगझिन उंचावरून ओठांवर पडले की ते किंचित फाकतात. मग काडतूस वेळेआधीच सुटते किंवा नळीच्या तोंडाला तिरपे धडकते. पक्कडीने वाकवून सरळ केलेले ओठ वरून ठीक दिसतात, पण त्या जागी धातू आधीच ताणला गेलेला असतो. अशा डागडुजीवर विसंबू नये.

पोलाद इथे उपयोगी पडते ते ताठरपणामुळे. त्याचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे पातळ पत्र्यातही ओठांचा आकार टिकतो. शिवाय पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर लक्षावधी आवर्तनांनंतरही सहसा तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्याचा फायदा हलकेपणाचा.

आता तो खुंट. मॅगझिनचे पुढचे टोक आधी खाचेत अडकवायचे आणि मग मागची बाजू खटका लागेपर्यंत वर ढकलायची, अशी या रायफलीची रीत. मेट्रिक नमुन्यात, म्हणजे अर्जेंटिनाच्या एफएएलसारख्या रायफलींच्या मॅगझिनमध्ये, पुढचा उंचवटा पत्र्यातूनच दाबून काढलेला असतो, आणि तो लहान असतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या इंची नमुन्यात तिथे पोलादाचा वेगळा, मोठा आणि भक्कम तुकडा जोडलेला असतो. मॅगझिन दर वेळी याच जागी झिजते, म्हणून इंची बनावट टिकाऊ. पण इंची रायफलीत मेट्रिक मॅगझिन डुलते, आणि काडतूस एखाद-दोन मिलिमीटर खाली राहिले तरी बोल्टच्या तावडीतून सुटू शकते.

तेव्हा जुने मॅगझिन पारखताना क्रम असा ठेवावा. आधी नमुना जुळतो का, ते पाहावे. मग पुढचा खुंट आणि मागच्या खटक्याची खाच झिजली आहे का, हे तपासावे. ओठांमधले अंतर त्याच नमुन्याच्या चांगल्या मॅगझिनशी कॅलिपरने ताडावे. आतली काडतुसे उचलणारी पट्टी बोटाने दाबून सोडली की कुठेही न अडखळता वर आली पाहिजे. ती अडखळली, तर आत पोचा, गंज किंवा वाळलेले ग्रीस आहे. मूळ मेट्रिक रायफलीत मॅगझिन रिकामे झाले की तीच पट्टी बोल्टला मागे रोखणारा खटका वर ढकलते. स्प्रिंगचा जोर तेव्हा सर्वांत कमी असतो, त्यामुळे हीच तिची खरी परीक्षा. ब्रिटिशांनी ही सोय काढून टाकली होती.

बाहेरचा रंग उडालेला असणे, ओरखडे असणे हा दोष नव्हे. चकचकीत पण ओठ फाकलेल्या मॅगझिनपेक्षा कळकट पण मापात असलेले लष्करी मॅगझिन केव्हाही चांगले.