माशाचे तेल : गरज किती, सवय किती?

शरीरात एखाद्या द्रव्याची उणीव असली, की ते द्रव्य अमृतासारखे गुण देते. उणीव नसताना तेच घेत राहिले तर फारसे काही हाती लागत नाही, आणि प्रसंगी अपायही होतो. हे साधे तत्त्व समजून घ्यायला माशाच्या तेलासारखे दुसरे उदाहरण नाही.

आमचे वराळे इंद्रायणीकाठचे. एका अंगाला देहू-आळंदीची परंपरा आणि गळ्यातली तुळशीची माळ, तर दुसऱ्या अंगाला तळेगावची औद्योगिक वसाहत. अशा आमच्या भागातही पिवळ्या, पारदर्शक गोळ्यांची बाटली आता पुष्कळ घरांत दिसते. कोणी ती हृदयासाठी घेतो, कोणी गुडघ्यांसाठी, तर कोणी परीक्षेच्या दिवसांत स्मरणशक्तीसाठी. गोळी एकच, पण अपेक्षा अनेक. म्हणूनच या तेलाची थोडी चौकशी करावी असे मला वाटले.

मुळात माशाचे तेल दोन प्रकारचे असते, आणि दोहोंची गल्लत करून चालत नाही. पहिले यकृताचे तेल. कॉड माशाच्या यकृतातून निघणाऱ्या या तेलात 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे भरपूर असतात. १९२२ साली मॅककॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे तेल तापवून त्यातून हवा खेळवली. तेव्हा डोळ्यांचा विकार बरा करण्याचा त्याचा गुण नाहीसा झाला, पण मुडदूस बरा करण्याचा गुण मात्र टिकला. यावरून 'अ'पेक्षा वेगळे असे 'ड' जीवनसत्त्व ओळखू आले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड तेलाची आवक खुंटली, तेव्हा आपल्याकडे मुंबई व मद्रास इलाख्यांत आणि त्रावणकोर संस्थानात मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. पुढे जीवनसत्त्वे कारखान्यात तयार होऊ लागली आणि या तेलाचे महत्त्व ओसरले. रातांधळेपणा आणि मुडदूस या खऱ्या उणिवा होत्या, म्हणून त्या काळी या तेलाने खरे काम केले.

दुसरे तेल माशाच्या अंगातले. हल्लीच्या बहुतेक गोळ्यांत हेच असते. त्यात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले असतात. त्यांपैकी ईपीए आणि डीएचए ही दोन महत्त्वाची. १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील एस्किमो लोकांच्या आहाराचा व रक्ताचा अभ्यास केला, तेव्हापासून हृदयरोगाशी या तेलाचे नाते जोडले गेले. १९९९ साली इटलीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांवरील प्रयोगात रोज एक ग्रॅम मात्रेने मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले. साहजिकच साऱ्या जगात या गोळ्यांचा बोलबाला झाला.

परंतु पुढची कहाणी वेगळी आहे. २०१८ साली दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. एकात १५,४८० मधुमेही होते, दुसऱ्यात २५,८७१ सर्वसाधारण प्रौढ. हृदयविकार व पक्षाघात टाळण्याच्या मुख्य कसोटीवर रोजच्या एका गोळीचा लक्षणीय फायदा दोन्हींत दिसला नाही. निरोगी तरुणाची स्मरणशक्ती तिने वाढते, असेही सिद्ध झालेले नाही. झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीबाबतचा पुरावाही भक्कम नाही.

मग उपयोग काहीच नाही काय? तसेही नाही. रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढली असेल, तर डॉक्टर रोज चार ग्रॅमपर्यंत ओमेगा-३ देतात आणि ती चरबी २० ते ३० टक्क्यांनी उतरते. गरोदरपणात ओमेगा-३ घेतल्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण घटते, असे २०१८ सालच्या सत्तर प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात आढळले. म्हणजे नेमकी गरज असेल तेथे नेमका लाभ होतो.

आता धोक्यांविषयी. २०२१ साली अनेक प्रयोग एकत्र तपासले असता असे दिसले, की या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक विकार अधिक होतो, आणि मात्रा एक ग्रॅमच्या वर गेली की हा धोका आणखी वाढतो. ज्या हृदयाच्या काळजीपोटी गोळी घ्यायची, त्याचाच ताल बिघडण्याची ही शक्यता! रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली उघडू नये. यकृताच्या तेलाचा धोका निराळा. त्यातील 'अ' जीवनसत्त्व शरीरात साठते आणि गरोदरपणात त्याचा अतिरेक गर्भाला बाधतो. अंगातले तेल समजून यकृताचे तेल घेतले, तर अशी चूक महागात पडेल.

बाटलीवरची अक्षरेही नीट वाचावीत. पुढे ठळक छापलेले '१००० मिलिग्रॅम' हे तेलाचे वजन असते. मागे बारीक अक्षरांत पाहिले, तर साध्या गोळीत ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅमच भरतात. शिवाय हे तेल लवकर खवट होते. गोळी फोडून वास घ्यावा. खवट असेल तर टाकून द्यावी.

आमच्याकडच्या माळकरी घरांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आजोबांच्या गुडघ्यांसाठी नातू मोठ्या प्रेमाने बाटली आणतो, पण आत माशाचे तेल आहे आणि वरचे आवरण बहुधा प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आयुष्यभर पाळलेले व्रत असे नकळत मोडणे मला बरे वाटत नाही. घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. कशाचे आहे हे आपण सांगावे.

अशांनी जवसाची चटणी जरूर खावी. जवसातही एक ओमेगा-३ आहे. मात्र शरीर त्याचा अगदी थोडाच अंश ईपीए-डीएचएमध्ये बदलू शकते. मासेसुद्धा ही द्रव्ये मूळ शेवाळातूनच मिळवतात आणि त्या शेवाळाचे तेल आता बाजारात मिळते. मासे खाणाऱ्यांना तर बांगडा आणि तारली आहेतच. शंभर ग्रॅम तेलकट मासळीतून साधारण एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळते. ऋतुमानाप्रमाणे ते कमी-अधिक होते. आठवड्यातून दोनदा मासळी खाणाऱ्या निरोगी माणसाला सहसा गोळीची गरज नसते.

तेव्हा मित्रहो, बाटली विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : माझ्यात उणीव कोणती? हे तेल यकृताचे की अंगातले? आणि हे डॉक्टरांना सांगितले आहे काय? यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते पैसे भाजीबाजारात किंवा मासळीबाजारात खर्च केलेले अधिक बरे.